मंदीच्या पापाचा धनी

१ डिसेंबर २०१६ रोजी मुरबाड तालुक्यातलं धसई हे महाराष्ट्रातलं पहिलं 'कॅशलेस' गाव म्हणून जाहीर झालं. राज्याचे तेव्हाचे अर्थमंत्री सुधीर मुनगंटीवार समारंभाला आले होते. स्वातंत्र्यवीर सावरकर राष्ट्रीय स्मारक आणि बँक ऑफ बडोदा यांच्या पुढाकाराने दुकानांमधून कार्ड घासायची यंत्रं बसली. नोटबंदीला त्या दिवशी तेवीस दिवस झाले होते. धसई ही आसपासच्या वाड्या-पाड्यांची बाजारपेठ. मीठ-मिरचीपासून खताच्या गोणीपर्यंत सगळं इथूनच जायचं, आणि जायचं ते रोखीने नाहीतर उधारीने. वर्षभराने बातमीदार पुन्हा डोकावले तेव्हा यंत्रांचा वापर उतरला होता आणि व्यवहार मुकाट्याने नोटांवर परतला होता.

त्या हिवाळ्यात मुरबाडच्या एसटी स्टँडवर, शहापूरच्या बाजारपेठेत, आसनगावच्या फलाटावर एकच वाद चालू असायचा. त्याची धाटणी साधारण अशी:

"मोदीनं काय तुझ्या भाताचा भाव पाडला काय रं?"

"भाव नाय पाडला. पन भात घेनाऱ्याच्या खिशातली नोट कुनी काढली, ता सांग ना दादा!"

पहिला म्हणायचा, जगातच मंदी आहे, एक माणूस काय करणार? दुसरा म्हणायचा, मग चांगलं झालं की पोस्टरवर फोटो कुणाचा लागतो? या दोन वाक्यांच्या पलीकडे तो वाद सहसा जात नसे. पण ही दोन वाक्यं फार जुनी आहेत. त्यांचा माग काढत गेलं की आपण थेट शांतिपर्वात पोचतो. तिथे शरपंजरी पडलेल्या भीष्माने हाच प्रश्न धर्मराजापुढे मांडून निकालही देऊन टाकला आहे: बऱ्या-वाईट काळाचा जिम्मा राजाचा. भीष्माला सांख्यिकी विभागाची आकडेवारी पाहावी लागली नाही, त्यामुळे निकाल लवकर लागला.

प्रत्यक्षात मात्र राजावर ठपका ठेवणं आपल्याकडे कायम अवघडच गेलं. १६३० ते १६३२ हा दख्खनचा भयंकर दुष्काळ. देहूचं तुकारामांच्या घरचं दुकान याच काळात बुडालं, घरातली माणसं गेली. त्यानंतर चारच वर्षांनी, १६३६ साली, शहापूरच्या डोक्यावरच्या माहुली किल्ल्यात शहाजीराजे मोगल आणि आदिलशाही फौजांच्या वेढ्यात सापडले. त्यांच्यासोबत निजामशाहीचा वारस होता. त्यांनीच तीन वर्षांपूर्वी गादीवर बसवलेलं ते एक लहान मूल. माहुली पडली आणि निजामशाही संपली. पावसाने दगा दिलेला, फौजांनी रान तुडवलेलं, आणि कागदोपत्री राजा म्हणजे एक पोर. भीष्माचा निकाल इथे लावायचा कुणाला?

राज्यकर्त्याला मंदीचा जाब विचारायची पद्धत खरी सुरू झाली ती इंग्रजी अमलात, आणि त्यातलं पहिलं मोठं प्रकरण शहापूर तालुक्याच्या अंगणातून गेलं. एप्रिल १८६१ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष अब्राहम लिंकन यांनी यादवी युद्धात दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी जाहीर केली. लँकेशायरच्या गिरण्यांना मिळणारा अमेरिकी कापूस तुटला आणि खानदेश-वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्याच वर्षी जानेवारीत ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे कसाऱ्यापर्यंत पोचली होती. घाटावरून गाड्या-बैलांनी गासड्या उतरायच्या आणि कसाऱ्याला आगगाडीत चढायच्या. १ जानेवारी १८६५ रोजी थळ घाटातून थेट इगतपुरीपर्यंत गाडी सुरू झाली. एवढा खर्च, एवढे मजूर घाटात मेले, आणि रूळ जोडून चार महिने होत नाहीत तोच एप्रिलमध्ये तिकडे दक्षिणेच्या जनरल ली याने शरणागती पत्करली. कापूस कोसळला. मुंबईत बॅकबे रेक्लमेशनचा पाच हजार भरलेला शेअर पन्नास हजारांवर गेला होता, तो कागदाच्या भावाने विकेना. १ जुलै १८६५ हा सौदे चुकते करायचा दिवस होता. त्या दिवशी अर्धी मुंबई बुडाली. प्रेमचंद रायचंदांसारखा शेअर बाजाराचा अनभिषिक्त राजा त्यात गेला आणि पाठोपाठ बँक ऑफ बॉम्बेही बसली.

आता बोट दाखवायचं कुणाकडे? युद्ध लिंकनचं, शरणागती लीची. मुंबईचा गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांपैकी कशालाच जबाबदार नव्हता. पण बँकेत सरकारचा हिस्सा होता, सरकारने नेमलेले संचालक होते, आणि १८६३ साली बँकेचा कायदा बदलून कर्जावरची जुनी बंधनं सैल करण्यात आली होती. कापूस चढतो तो कधीतरी उतरणार, हे सांगायला ज्योतिषी लागत नव्हता. वेळीच लगाम खेचला नाही हा ठपका फ्रिअरला चिकटला तो कायमचा. दिनशा वाच्छांनी पुढे १९१०मध्ये या साऱ्या प्रकरणावर पुस्तक लिहिलं, तेव्हाही तो ठपका ताजाच होता. लाट आणणारा एक आणि लाटेत होडी मोकळी सोडणारा दुसरा, हा फरक या भागात प्रथम दिसला तो इथे.

कापसाचं दिवाळं मुंबईचं होतं. शहापूर-मुरबाडच्या कुणब्या-ठाकराला त्याची झळ लागली ती मजुरीपुरती. त्याचं स्वतःचं प्रकरण पुढच्या वीस वर्षांत उभं राहिलं, आणि ते होतं राबाचं.

ज्यांनी राब भाजताना पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. भाताची रोपं जिथे वाढवायची तो तुकडा उन्हाळ्यात भाजून काढायचा, त्याला राब म्हणतात. त्याआधी डोंगरात जाऊन कवळ तोडायचं, म्हणजे झाडाच्या फांद्या-डहाळ्या. मग शेणाचा थर, त्यावर कवळ, त्यावर पातेरा आणि गवत, वरून मातीचा पातळ हात. आग लावायची ती वाऱ्याच्या उलट्या बाजूने, म्हणजे ती भडकत नाही, धुमसत पुढे सरकते. तणाचं बी जळतं, माती भुसभुशीत होते, राख मिळते. पावसाच्या तोंडावर त्यात पेर करायची आणि रोप हाताला आलं की आवणी. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत भातशेती म्हणजे हे सगळं मिळून. त्यात कवळ हा पहिला कच्चा माल आणि तो जंगलातून येणार.

१८७८च्या वन कायद्याने जंगलं राखीव होऊ लागली आणि कवळ तोडणं हा गुन्हा ठरू लागला. त्याच वर्षीच्या अबकारी कायद्याने ताडी-माडीवरचा कर वाढला, म्हणजे पावसाआधीचा जोडधंदाही आवळला गेला. भात कमी आलं की कारकून म्हणे, कुणबी आळशी आहे, सावकाराचं देणं करतो. कुणबी म्हणे, साहेब, राबाला कवळ नाही. ओरड इतकी झाली की १८८५ साली मुंबई सरकारला खास ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांच्या जंगल प्रश्नावर आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल १८८७चा. पुढे १८९३ साली डॉ. जॉन ऑगस्टस व्होल्कर या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने हिंदी शेतीवरच्या अहवालात राबाची बाजू घेतली. ही अडाण्याची खोड नाही, त्यात शास्त्र आहे, असा त्याचा सूर होता. काही सवलती मिळाल्या, बरंच जंगल बंदच राहिलं.

मला हे प्रकरण कापसाच्या दिवाळ्यापेक्षा मोलाचं वाटतं. कारण शहापूर-मुरबाड हा शंभर इंचांच्या आसपास पाऊस पडणारा मुलूख आहे. इथे टंचाई सहसा आभाळातून पडत नाही. शहापूर तालुक्यात १८९२ साली तानसा धरण पुरं झालं, पुढे भातसा झालं, मुंबईचे नळ त्यावर चालतात आणि उन्हाळ्यात त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर बायका टँकरची वाट बघतात. इथल्या माणसाला 'निसर्गाचा कोप' हे उत्तर देऊन चालत नाही. त्याने आपल्या ओढाताणीमागे कायम कुठला तरी कागद पाहिलेला आहे: अधिसूचना, नकाशा, पावती.

घाटावर मात्र हा वाद पावसावरच पेटला. दादाभाई नौरोजी १८६७पासून सांगत होते की हिंदुस्थान गरीब आहे कारण त्याची संपत्ती दरसाल इंग्लंडला वाहून जाते. माणशी वर्षाचं उत्पन्न २० रुपये, हा हिशेब त्यांनी मांडला. म्हणजे दोष राज्याचा, तोही मुळातला. न्यायमूर्ती रानड्यांचा सूर वेगळा होता. १८९० साली पुण्याच्या औद्योगिक परिषदेत त्यांनी स्पष्ट सांगितलं की या खंडणीच्या वादात गुंतून पडू नका. भांडवल नाही, उद्योग नाहीत, सारा भार शेतीवर, हे दुखणं जुनं आहे. महात्मा फुले त्याआधीच, १८८३मध्ये, 'शेतकऱ्याचा असूड' लिहून मोकळे झाले होते. त्यांनी दोष वाटून टाकला. वरचा गोरा अधिकारी ऐषआरामात, खालचा भट कारकून लुबाडण्यात, आणि जंगल खात्याने गावाची गायरानं गिळलेली. वरच्याने पाहिलं नाही म्हणून खालच्याने केलं, हे फुल्यांचं निदान तालुक्याच्या कचेरीत हेलपाटे घातलेल्या माणसाला आजही पटेल.

१८९६-९७च्या दुष्काळात टिळकांनी या चर्चेला वेगळंच वळण दिलं. दुष्काळ सरकारने आणला का, या प्रश्नात ते फार शिरले नाहीत. सरकारने स्वतःच लिहिलेली दुष्काळ संहिता त्यांनी हातात घेतली. पीक इतक्या आण्यांच्या खाली गेलं तर सारा तहकूब, अमुक झालं तर काम द्यायचं, हे तुमच्याच पुस्तकात आहे, मग द्या. सार्वजनिक सभेचे प्रतिनिधी खेडोपाडी हिंडून हे नियम सांगू लागले, ठाणे-कुलाब्यापर्यंत आले. सरकार इतकं चिडलं की मार्च १८९७मध्ये सभेची मान्यताच काढून घेतली. आपलेच नियम वाचून दाखवणाऱ्याचा राग सरकारांना सगळ्यात जास्त येतो. त्या आणेवारीची आता पैसेवारी झाली आहे. पन्नास पैशांच्या खाली पीक गेलं की सरकारची जबाबदारी सुरू, पन्नासच्या वर राहिलं की शेतकऱ्याचं नशीब. भीष्माचा प्रश्न तलाठ्याने असा एका आकड्यावर आणून ठेवला आहे. एक्कावन्न पैसे लागले की गावात काय शांतता पसरते, ते कुणाही सरपंचाला विचारा.

१९०० साली रमेशचंद्र दत्तांनी व्हाइसरॉय लॉर्ड कर्झनला दुष्काळांवर उघड पत्रं लिहिली. साऱ्याच्या ओझ्यामुळे शेतकऱ्याच्या गाठीला काही राहत नाही म्हणून एक पाऊस चुकला की तो मरतो, असं त्यांचं म्हणणं. जानेवारी १९०२मध्ये कर्झनच्या सरकारने लांबलचक ठराव करून उत्तर दिलं: साऱ्याचा दोष नाही, पाऊस पडला नाही. दोनच महिन्यांनी, २६ मार्चला, गोपाळ कृष्ण गोखले कायदेमंडळात अंदाजपत्रकावर बोलायला उभे राहिले. लोक मरताहेत आणि तिजोरीत शिल्लक पडते, हे कसं? त्यांनी बोट ठेवलं ते चलनावर. जून १८९३मध्ये सरकारने टांकसाळी लोकांच्या चांदीला बंद केल्या होत्या. त्यामुळे तेरा-चौदा पेनीकडे घसरलेला रुपया सोळा पेनीवर नेता आला. सरकारचा विलायतेतला खर्च स्वस्त झाला, शिल्लक दिसू लागली. शेतकऱ्याला मात्र मालाचे रुपये कमी मिळायचे आणि सारा तेवढाच भरायचा.

याची एक बाजू घराघरांत शिरली होती. कुणब्याची बचत म्हणजे बायकोच्या अंगावरची चांदी: गोट, वाळे, तोडे, कमरेची साखळी. टांकसाळ उघडी होती तोवर चांदी म्हणजे जवळपास रुपयाच. टांकसाळ बंद झाली आणि चांदीचा भाव रुपयाच्या मानाने पडला. तीन वर्षांनी दुष्काळ आला, लोक दागिने घेऊन सावकाराच्या दारी गेले, तेव्हा वजन तेवढंच होतं आणि पैसे कमी आले. पाऊस सरकारने अडवला नव्हता. पण पाऊस न पडल्यावर ज्या गाठोड्यावर माणूस तगतो, ते गाठोडं सिमल्यातल्या एका सहीने हलकं केलं होतं.

हा मुद्दा सर्वांत खोल नेला तो डॉ. आंबेडकरांनी. 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' १९२३ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झालं, आणि पुढे चलनावरच्या हिल्टन यंग आयोगापुढे त्यांनी साक्षही दिली. राज्यकर्ता भला की बुरा, हा त्यांच्या लेखी प्रश्नच नव्हता. चलन हवं तसं वाढवायची मोकळीक ज्याच्या हाती आहे तो ती कधी ना कधी वापरणार, म्हणून मोकळीकच ठेवू नका, चलनाला कायद्याने मर्यादा घाला. महागाईचा मार शेवटी रोजंदारीवरच्या माणसावर बसतो, हे त्यांच्या अर्थशास्त्राच्या मुळाशी आहे. राजाच्या चारित्र्याची चर्चा करण्यापेक्षा त्याच्या हाताला कुंपण घालावं, असा विचार भीष्माला सुचला नव्हता.

दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांनी ती मोकळीक मनसोक्त वापरली. नोटा छापल्या, भाव भडकले, धान्य गायब झालं. माथेरानचे विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाई कोतवाल यांनी सावकाराच्या तावडीतून आदिवासी-शेतकऱ्यांना सोडवण्यासाठी धान्यकोठ्या काढल्या होत्या. सुगीत भात जमा करायचं, पावसाळ्यातल्या भुकेच्या दिवसांत वाटायचं. बेचाळीसच्या चळवळीत ते भूमिगत झाले आणि २ जानेवारी १९४३ रोजी मुरबाड तालुक्यातल्या सिद्धगडावर हिराजी पाटलांसह पोलिसांच्या गोळीला बळी पडले. दरवर्षी तिथे मशाली पेटतात, भाषणं होतात. वीजतारा तोडल्याच्या कथा रंगवून सांगितल्या जातात, धान्यकोठीचं नाव क्वचित निघतं. मला तर ती कोठी हेच त्यांचं सरकारला सर्वांत झोंबणारं उत्तर वाटतं.

युद्ध संपल्यावर १२ जानेवारी १९४६ला पहिली नोटबंदी झाली. रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर होते रोह्यात वाढलेले चिंतामणराव देशमुख. सुमारे १४४ कोटींच्या मोठ्या नोटांपैकी १३५ कोटींच्या जवळपास परत आल्या. १६ जानेवारी १९७८ची दुसरी, मोरारजी देसाईंची. हजाराची नोट तेव्हा मुरबाडात कुणी पाहिलेलीही नव्हती, म्हणून कुणाचं काही अडलं नाही.

मधल्या काळात एका मराठी राज्यकर्त्याने मात्र पापाचं धनीपण आपणहून मागून घेतलं होतं. १९६५च्या अन्नटंचाईत मुख्यमंत्री वसंतराव नाईकांनी जाहीर केलं की दोन वर्षांत महाराष्ट्र धान्यात स्वयंपूर्ण झाला नाही तर मला शनिवारवाड्यासमोर फाशी द्या. दोन वर्षं गेली, कुणी दोर आणला नाही. नंतर १९७२चा दुष्काळ आला. लाल मिलो, सुकडी, खडी फोडणारे हात. मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर लाटणी घेऊन रस्त्यावर. तेलाचे भाव अरबस्तानात ठरत होते, पाऊस वाऱ्यावर, पण लाटणं मंत्रालयावरच उगारलं जात होतं, आणि ते योग्यच होतं. कारण त्याच रेट्यातून वि. स. पागेंची रोजगार हमी योजना राज्यभर पसरली. १९७३च्या उन्हाळ्यात दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख लोक होते. पाऊस पाडणं कुणी नाईकांकडे मागितलं नव्हतं, काम मागितलं होतं.

अमेरिकेत या वादाचं आता मोठं शास्त्र झालं आहे. ॲलन ब्लाइंडर आणि मार्क वॉटसन या प्रिन्स्टनच्या अर्थतज्ज्ञांनी ट्रुमनपासून ओबामांपर्यंतची आकडेवारी तपासली. डेमोक्रॅटिक अध्यक्षांच्या काळात वाढीचा दर रिपब्लिकनांपेक्षा १.८ टक्के-गुणांनी जास्त निघाला. कारणं शोधू गेल्यावर बराच वाटा तेलाचे धक्के, उत्पादकता अशा गोष्टींचा, थोडक्यात नशिबाचा निघाला. जिमी कार्टर यांनी १९७९मध्ये पॉल व्होल्कर यांना मध्यवर्ती बँकेवर नेमलं. व्होल्करनी व्याजदर चढवून महागाई मोडली. कार्टर निवडणूक हरले आणि मंदी ओसरल्यावरचं श्रेय रेगनना मिळालं. अचेन आणि बार्टेल्स या राज्यशास्त्रज्ञांनी तर १९१६ साली न्यू जर्सीच्या किनाऱ्यावर शार्क माशांनी माणसं मारली त्याची शिक्षाही मतदारांनी अध्यक्ष विल्सनना दिली, असा दावा केला. त्यावर इतर अभ्यासकांनी आक्षेप घेतले आहेत. आपल्याकडे शार्क नाहीत, कांदा आहे.

म्हणून मतपेटीत हा हिशेब शोधू नये. शहापूर आणि मुरबाड हे दोन्ही विधानसभा मतदारसंघ भिवंडी लोकसभेत येतात. नोटबंदीने भिवंडीचे यंत्रमाग थंडावले, मजूर गावी गेले, आणि २०१९ला तिथे भाजपचे कपिल पाटील पुन्हा निवडून आले. २०२४ला ते पडले, पण नोटबंदीमुळे पडले असं त्यांचा कट्टर विरोधकही म्हणणार नाही.

मग २०१६चा हिशेब मांडायचा कसा? देशाचा वाढीचा दर त्या वर्षी ८ टक्क्यांच्या वर होता, २०१९-२०मध्ये ४ टक्क्यांच्या आसपास आला. या उताराची कारणं अनेक. बँकांची जुनी बुडीत कर्जं आधीच्या राजवटीतली. जुलै २०१७चा जीएसटी घाईचा. २०१८मध्ये आयएल अँड एफएस ही वित्तसंस्था कोसळली. बाहेर जागतिक व्यापार मंदावलेला. यातला कोणता टक्का पंतप्रधानांच्या खात्यावर टाकायचा, यावर प्रामाणिक माणसंही भांडतील. अर्थतज्ज्ञ गीता गोपीनाथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नोटांची टंचाई कोणत्या जिल्ह्यात किती होती आणि रात्रीचे दिवे तिथे किती मंदावले, हे ताडून पाहिलं. नोटबंदीच्या तिमाहीत वाढ किमान २ टक्के-गुणांनी घटली आणि पुढच्या काही महिन्यांत तो परिणाम विरला, असा त्यांचा निष्कर्ष. म्हणजे तीन वर्षांची सगळी घसरण नोटबंदीच्या माथी मारता येत नाही. आणि त्या हिवाळ्याची दुसऱ्या कुणाच्या माथी मारता येत नाही.

कारण दिवस निवडलेला होता. उतार कुणाचा यावर वाद घाला, तारखेवर वादच नाही. ८ नोव्हेंबरला शहापूर-मुरबाडात भात कापून खळ्यावर आलेलं असतं. गरवं अजून उभं असतं, त्याच्या कापणीला मजूर हवेत. व्यापारी दारात येऊन रोखीने भात नेतो, त्यातून दिवाळीची उधारी फिटते. दिवाळीनंतरच कातकरी कुटुंबं वीटभट्टीवर निघतात. मुकादम उचल देतो आणि मग दर आठवड्याला खर्ची, सगळं रोखीत. चलनातल्या ८६ टक्के नोटा नेमक्या या आठवड्यात बाद झाल्या. १४ नोव्हेंबरला जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकांना जुन्या नोटा घ्यायला मनाई झाली. खेड्यात शेतकऱ्याचं खातं असतं ते याच बँकेत. त्यांनी आधी घेतलेल्या नोटा रिझर्व्ह बँकेत भरायची परवानगी मिळायला जून २०१७ उजाडला, तोवर दुसरी पेरणी आली.

आणि हे माहीत नव्हतं असंही नाही. त्या दिवशी संध्याकाळी रिझर्व्ह बँकेच्या संचालक मंडळाची बैठक झाली, तिच्या इतिवृत्तात दोन गोष्टी नोंदल्या आहेत: काळा पैसा बहुतेक रोखीत नसून सोनं आणि जमीन-जुमल्यात असतो, आणि चालू वर्षात देशाच्या उत्पन्नावर या निर्णयाचा तात्पुरता वाईट परिणाम होईल. त्यानंतर थोड्याच वेळात, रात्री आठला, पंतप्रधान दूरदर्शनवर आले. रिझर्व्ह बँकेच्या २०१८च्या अहवालानुसार १५.४१ लाख कोटींपैकी १५.३१ लाख कोटी परत आले. २ जानेवारी २०२३ला सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मतांनी निर्णय प्रक्रियेत दोष नाही असं ठरवलं. न्यायमूर्ती बी. व्ही. नागरत्ना यांनी वेगळा निकाल दिला. प्रस्ताव निघाला केंद्र सरकारकडून, बँकेने आपली बुद्धी स्वतंत्रपणे चालवलीच नाही, तेव्हा हे अधिसूचनेने नव्हे तर संसदेच्या कायद्याने व्हायला हवं होतं, असं त्यांचं म्हणणं. शंभर वर्षांपूर्वी आंबेडकर ज्या मोकळीकीला कुंपण मागत होते, ती हीच.

तारखेचा दुसरा प्रसंग २४ मार्च २०२०चा. साथ कुणीही आणली नव्हती. पुढच्या तिमाहीत देशाचं उत्पन्न सुमारे २४ टक्क्यांनी आकसलं, त्यात विषाणूचा वाटा मोठा आणि तो निर्विवाद. पण रात्री आठला घोषणा आणि बाराला टाळेबंदी, या चार तासांचा धनी विषाणू नव्हता. त्या चार तासांतून पुढे जे निघालं ते शहापूरकरांनी महामार्गाच्या कडेला उभं राहून पाहिलं. भिवंडी, कल्याण, मुंबईहून निघालेली माणसं वासिंद, आसनगाव, खर्डी करत कसारा घाट चढत होती. डोक्यावर बोचकी, खांद्यावर पोरं, पायात प्लास्टिकच्या बाटल्या चेपून बांधलेल्या. गावोगावच्या लोकांनी पाण्याचे पिंप आणि खिचडीची पातेली रस्त्यावर आणून ठेवली. राज्य सरकारने आदिवासी कुटुंबांना ४ हजारांचं खावटी अनुदान मंजूर केलं, अर्धं बँकेत, अर्धं वस्तूंत. वस्तू हाती पडेपर्यंत पुढचं साल लागलं. ते सरकार दुसऱ्या पक्षांचं होतं, हेही नोंदवून ठेवायला हवं.

१९ मे २०२३ रोजी दोन हजारांची नोट मागे घेतली जात असल्याचं जाहीर झालं. या वेळी घोषणा रिझर्व्ह बँकेने परिपत्रक काढून केली, रात्री आठचं भाषण झालं नाही. नोट लगेच बाद ठरवली नाही, बदलायला ३० सप्टेंबरपर्यंतची मुदत दिली, पुढे आणखी एक आठवडा. चार महिन्यांत बहुतेक नोटा परत आल्या. त्या आवणीच्या हंगामात मुरबाडच्या स्टँडवर या विषयावर कुणी भांडल्याचं ऐकिवात नाही. मोदी तेच होते, रिझर्व्ह बँक तीच होती.